कबदच्या जाखुरात राहतं कोण?

कुवेत शहर मागं टाकून सातवा रिंगरोड ओलांडला की थोड्या वेळानं कबद लागतं. रस्त्याच्या कडेनं भिंतीच भिंती, आत पत्र्याची छपरं, छपराखाली नईमी मेंढ्या, शामी शेळ्या, कुठं उंट, कुठं नुसती कबुतरं. अशा एकेका आवाराला इथं जाखूर म्हणतात. जनावरं पाळायला म्हणून सरकारनं नागरिकांना दिलेल्या या जागा. शेती आणि मत्स्यव्यवसायाचं सार्वजनिक प्राधिकरण त्या वाटतं, तपासतं. त्यातल्या कितीतरी जागांवर मेंढ्या कोपऱ्यात सरकल्या आणि मधोमध पोहण्याचा तलाव, हिरवळ आणि पाहुण्यांची बैठक आली. सुट्टीच्या दिवसांसाठी त्या भाड्यानंही जातात. सरकार नोटिसा काढतं, काही जागा परत घेतं, आणि पुढच्या थंडीत पुन्हा दिव्यांच्या माळा लागतात.

आमच्या घरात या कबदवरून दोन तट आहेत. बायको वास्तुरचनाकार, जुन्या घरांची मोजमापं घेण्याचं तिला वेड. तिचे मामा माणदेशातले, म्हसवडच्या बाजूचे, धनगरवाड्यावर वाढलेले. अर्धं आयुष्य कुवेतात पशुखाद्याच्या व्यापारात गेलं. एका शुक्रवारी मामा जेवायला आले आणि पहिल्या भाकरीलाच दोघांची जुंपली. मी वाढायचं काम करत होतो, त्यामुळं सगळं नीट ऐकू आलं.

भाची : मामा, तुम्ही त्याला गोठा म्हणू नका हो. घर सालमियात, गोठा कबदला, मधे एकामागून एक रिंगरोड. शेळी रात्री ओरडली तर मालकाला सकाळी फोनवर कळणार.

मामा : अगं, आमची मेंढरं दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायची. म्हातारी माणसं गावात, आम्ही तिकडं. पावसाच्या तोंडाला परत. मग काय आमचं घर नव्हतं?

भाची : तुमच्याबरोबर घर चालत होतं. आजी होती, घोड्यावर भांडीकुंडी होती, कोंबड्या होत्या, आई तर वाड्यावरच जन्मली. इथं तसं काही आहे का? जनावर आणि एक पगारी माणूस. बास.

मामा : ते चालणं काय सुखाचं होतं असं वाटतंय का तुला? माघात उघड्यावर झोपून बघ.

भाची : सुखाचं म्हणत नाही मी. पुरं होतं म्हणतेय. इथल्या जुन्या शहरातली घरं घ्या. बाहेरून कोरी भिंत, आत हौश, म्हणजे आपला चौक. ऐपतदाराच्या घरात चौकच चार: दिवानियाचा, म्हणजे पुरुषांच्या बैठकीचा, बायकांचा निराळा, स्वयंपाकाचा निराळा आणि चौथा शेळ्यामेंढ्यांचा, हौश अल-घनम. समुद्रातला दगड आणि माती यांच्या भिंती. छताला चंदलचे, म्हणजे खारफुटीचे वासे, ते पूर्व आफ्रिकेतून गलबतांनी यायचे. त्यावर बांबूच्या चिरफळ्या, त्या आपल्या देशातून. वर चटई, चटईवर मातीचा थर. दाराला मलबारचं नाहीतर मुंबईहून आलेलं सागवान. इतक्या लांबून सामान आणून बांधलेल्या घरात शेळीला स्वतःचा चौक होता, मामा. तिची जागा आराखड्यात होती.

मामा : गरिबाच्या घरात?

भाची : गरिबाच्या घरात एकच चौक. शेळी पोरांच्या पायात. पण होती. सकाळी शावी यायचा, गल्लीगल्लीतल्या शेळ्या गोळा करून वेशीबाहेर चारायला न्यायचा. संध्याकाळी कळप परत आला की आपापल्या दारी आपापली शेळी. धार घरची बाई काढायची, दही ताक तीच बघायची. खजुराच्या बिया फेकत नव्हते, भिजवून जनावराला घालायचे.

इथं एक गोष्ट माझ्या पदरची सांगतो, नाहीतर वेस म्हणजे कुठली असा प्रश्न पडेल. कुवेत शहराला मातीची तटबंदी होती, तीही तिसरी. १९२० साली, नज्दच्या इख्वान टोळ्यांचा हल्ला येणार या भीतीनं सगळं गाव खपून काही महिन्यांत ती उभी राहिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जहऱ्याला लढाई झालीही. पुढं १९४६ साली तेलाची पहिली निर्यात झाली, १९५१ च्या सुमारास इंग्रज नगररचनाकारांनी नव्या शहराचा आराखडा केला, आणि १९५७ मध्ये तट पाडला. वेशींची दारं तेवढी ठेवली. ती आता वाहतुकीच्या बेटांवर उभी आहेत, त्यांतून शेळी काय, माणूसही जात नाही. सरकारनं भरमसाट भाव देऊन जुन्या शहरातली घरं विकत घेतली, माणसं नव्या उपनगरांत गेली. त्या बंगल्यांत दिवानिया आला, गाड्यांना जागा आली, मोलकरणीची खोली आली. चौथा चौक मात्र तेवढा कागदावर आलाच नाही. जवळपास सगळी कहाणी या एका ओळीत आहे असं माझं मत, पण मामांसमोर मी ते बोललो नाही.

मामा : तुझा तो शावी. तो काय घरचा होता? मजुरीचाच ना? तेव्हा इथं आपला रुपया चालायचा, १९६१ पर्यंत. म्हणजे रुपया-आण्यांत मजुरी घेणारा माणूसच जनावरं सांभाळत होता. मग आज दिनारात घेणारा सांभाळतो, तर तुला एवढं काय टोचतंय?

भाची : तो संध्याकाळी जनावर मालकिणीच्या ताब्यात देऊन मोकळा व्हायचा.

मामा : बरं.

भाची : बरं काय? तेच तर आहे सगळं. चारणारा तेव्हाही परका होता, मान्य. पण दिवस मावळला की जनावराची जबाबदारी घरात यायची. आता दिवस मावळला की मालक घरी जातो आणि जबाबदारी त्या माणसाच्या गळ्यात राहते. रात्रीची, पहाटेची, विण्याची, मरण्याची.

मामा जरा थांबले. लसणाची चटणी मागून घेतली. मग त्यांनी शहर सोडून वाळवंट धरलं, कारण तिथं त्यांची बाजू भक्कम होती.

मामा : तू शहरातल्या दहा-पाच शेळ्यांचं सांगतेस. खरी जनावरं बदूंकडं होती. आणि बदूंकडं गोठाच नव्हता! शेळीच्या केसांचा तंबू. रात्री कळप तंबूसमोर उघड्यावर बसायचा, त्या जागेला मराह म्हणतात. भिंत नाही, कुंपण नाही. कुत्रं आणि माणूस. फार तर कोकरं आत घेतली. आम्ही निदान वाघर तरी लावत होतो, चार काठ्या आणि जाळं. म्हणजे भिंतीत जनावर कोंडणं हेच इथं नवं. जुनं गेलं म्हणून रडायचं तर आधी ते जुनं कुणाचं हे तरी ठरव.

भाची : हे मात्र खरं. पण त्या तंबूत काय होतं तेही बघा की. डिक्सनचं पुस्तक आहे, १९४९ चं. इंग्रजांचा पोलिटिकल एजंट होता तो इथं. तंबू कसा विणायचा, कुठला पडदा कुठं, पुरुषांची बाजू कुठली, बायकांची कुठली, सगळं बारकाईनं लिहून ठेवलंय. तंबूच्या पट्ट्या बायका विणायच्या, मधला नक्षीचा पडदाही बायकाच. सदू म्हणतात त्या विणकामाला. २०२० मध्ये सौदी आणि कुवेत दोघांच्या नावानं युनेस्कोच्या यादीत गेलं. म्हणजे बघा, कळपाच्या केसांचंच घर, त्या घरासमोर कळप. आज कळपाच्या डोक्यावर किर्बी आहे.

(किर्बी ही इथली पोलादी शेड बनवणारी कंपनी. तिचं नाव आता कुणाच्याही पत्र्याच्या शेडला पडलंय.)

मामा : आणि त्या किर्बीखाली जनावर जगतं! तुझ्या केसांच्या तंबूसमोर मरायचं. २०१६ च्या जुलैमध्ये मित्रिबाला ५३.९ अंश लागले होते, विसरलीस? पाऊस वर्षाला सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर. आमचा माण तालुका दुष्काळी म्हणून टाहो फोडतो, तिथं चारशे-पाचशे पडतो. शंभर मिलिमीटरवर कुठलं गवत आणि कुठला संसार? नुसतं बोलायचं म्हणून बोलू नये माणसानं.

खरं सांगायचं तर मामांचं या विषयातलं बोलणं ऐकत राहावं असं असतं. गेल्या थंडीत त्यांच्याबरोबर एका जाखुरात गेलो होतो. फाटकातून आत शिरल्या शिरल्या त्यांनी मेंढ्यांकडं पाहिलंच नाही, आधी गव्हाणीत हात घातला. तळाशी राहिलेला चारा मुठीत घेऊन हुंगला. “जव चांगला आहे, कोंडा जुना आहे,” म्हणाले. मग लसूणघासाची पेंढी उलटी करून बुडखा दाबून पाहिला. पाण्याच्या हौदाच्या काठावर हिरवी बुरशी होती, ती नखानं खरवडून कामगाराकडं नुसतं बघितलं. तो बिचारा लगेच ब्रश शोधायला गेला. एका मेंढीच्या कानातला बिल्ला ओढून नंबर वाचला. लस टोचलेल्या, बिल्ला लावलेल्या, मोजलेल्या जनावरामागंच सरकारी सवलतीचं खाद्य मिळतं, त्यामुळं बिल्ल्याला इथं मोल आहे. ते खाद्य १९६१ साली निघालेल्या कुवेत फ्लोअर मिल्सकडून येतं, म्हणजे ज्या गिरणीचा पाव माणसं खातात तिचाच कोंडा मेंढ्यांना. सगळ्यात शेवटी मामांनी मालकाला सलाम केला.

भाची : सवलतीच्या खाद्यावर उभा असलेला कळप. म्हणजे सरकारनं गवत पिशवीत भरून दिलं.

मामा : द्यायलाच पाहिजे. बाहेर सोडलं तर काय होतं ते तूच सांगतेस ना, अरफजची झुडपं संपली म्हणून?

भाची : संपलीच आहेत. राष्ट्रीय फूल म्हणायचं आणि बघायला सबाह अल-अहमद अभयारण्याच्या कुंपणाआड जायचं. कुंपण घातलं, जनावर आणि गाड्या बाहेर ठेवल्या, तिथं अरफज पुन्हा आला. कुंपण जनावराला घालायचं असतं असं आपण समजतो. इथं ते झाडाला घातलंय.

मामा : आपल्याकडं काय निराळं आहे? राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, मोठी नावं. पाणी अडवलं, चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या नियमांत चराईबंदी होती. ती बंदी कुणावर आली? गावात ज्याची जमीन नाही त्याच्यावर. माझ्या बापावर. प्रत्येक गावानं आपलं रान राखलं की फिरता कळप जायचा कुठं? मग एकतर मेंढरं विकायची नाहीतर चार भिंतींत कोंडून खाद्य विकत घालायचं. कबदला तेच झालं. तू त्याला खोटं म्हणतेस, मी म्हणतो रान संपल्यावर जे उरतं ते हेच.

हा मुद्दा हिला लागला. ती उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो भरलेलाच होता.

भाची : मग निदान त्याचा उपयोग सांगा. देशाला मटण कुठून येतं? ऑस्ट्रेलियातून जहाजं भरभरून जिवंत मेंढ्या आल्या इतकी वर्षं. १९७३ ची कंपनी आहे ती, अल मवाशी, तिच्या नुसत्या वाहतुकीवर हा देश मटण खातो. जाखुरातली मेंढी दिवानियातल्या पाहुण्यांसाठी आणि ईदसाठी. हौस आहे ही.

मामा : ऑस्ट्रेलियानं कायदा केलाय. १ मे २०२८ पासून जिवंत मेंढ्या समुद्रानं पाठवणं बंद. मग काय करशील? तेव्हा इथल्या कळपाची आठवण होईल. १९९० मध्ये इराकी आले तेव्हा या देशातलं बरंचसं जनावर गेलं. खाल्लं, नेलं, मेलं. पुन्हा शून्यातून उभं केलंय लोकांनी. हौसेनंच केलं. हौस नसती तर कुणी केलं असतं? आणि हौसेचं म्हणशील तर आपल्याकडं शर्यतीचा बैल पंख्याखाली झोपतो, त्याला अंडी चारतात, घरातलं पोर दुधाविना राहिलं तरी चालतं. त्याला तू परंपरा म्हणतेस. कबदला शर्यतीचा उंट दिसला की तीच हौस होते?

भाची : बैल घराच्या ओट्यासमोर बांधलेला असतो.

मामा : परत तिथंच आलीस.

भाची : येणारच. आणि शेणखताचं बोला. तुमच्याकडं शेतकरी मेंढरं बसवायला बोलवायचा. रात्रभर कळप शेतात बसला की लेंड्या-मुतानं जमीन सुधारायची, सकाळी धनगराला धान्य मिळायचं. कळप नुसता बसला तरी कमाई. कबदच्या लेंड्यांचं काय होतं?

मामा : पोती भरून जातात वफ्र्याला, अब्दलीला, शेतांवर. सगळीच नाही जात, पडूनही राहतं. पण २०२२ चं आठवतंय का, जूनमध्ये? जयपूरहून १९२ टन शेण कुवेतला निघालं अशी बातमी आली होती. इथल्या एका कंपनीनं खजुराच्या झाडांसाठी मागवलं होतं. आमच्या दुकानात सगळे हसत होते. मी नाही हसलो. म्हणालो, कबदला लेंड्यांचे ढीग आणि शेण बोटीनं येतंय, याचा अर्थ गोठा आणि शेत एकमेकाला ओळखत नाहीत.

भाची : म्हणजे मी म्हणते तेच.

मामा : तेवढ्यापुरतं.

जेवणं झाली आणि मामा कशासाठी आले होते ते तेव्हा कळलं. त्यांच्या ओळखीच्या एका कुवेती गृहस्थांना नवा जाखूर मिळाला होता. भिंत पडली होती, आत मोकळी वाळू. आराखडा करून हवा होता. हिनं आधीच फोनवर नाही म्हटलं होतं, आणि मामा ते नाही परत घ्यायला आले होते.

भाची : मी नाही काढणार. मला माहीत आहे काय मागतील. वायव्येच्या कोपऱ्यात बैठक, कारण शमाल वारा तिकडून येतो, शेणाचा वास लागत नाही. मग तलाव. मग शेड. आणि सगळ्यात शेवटी, वारा जिथं सगळा वास नेऊन टाकतो त्या टोकाला, कामगाराची खोली. मागं एकदा पाहिली अशी एक. पत्र्याची. खिडकीच्या जागी एसी ठोकलेला, म्हणजे खिडकी नाहीच. बाहेर दारालाच पाण्याची टाकी, उन्हानं पाणी इतकं कढत की त्यानं चहाला परत तापवायची गरज नाही असं तोच सांगत होता. कडप्प्याचा माणूस. मला एक मेंढी दाखवली, पहिलटकरीण, कोकराला जवळ येऊ देत नव्हती. त्यानं तिला दोन रात्री मांडीशी धरून कोकरू पाजलं होतं. सगळ्या मेंढ्यांना तेलुगू नावं. मालकाला एकही ठाऊक नव्हतं.

मामा : म्हणजे त्याचाच झाला की गोठा.

भाची : त्याचा कसला? त्याचा व्हिसा गुराख्याचा, दुसऱ्या कामाला सहजी बदलत नाही. जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम बंद असा इथं नियम आहे, चांगला आहे. पण मेंढीला पाणी दुपारीच लागतं, आणि बघायला येतं कोण कबदच्या आत?

मामा : मला सांगतेस? शुवैखला खाद्याच्या गोदामात पोत्यांवर झोपलोय मी.

यावर कुणी काही बोललं नाही. मला एक सिनेमा आठवला. बेन्यामिनची ‘आडुजीवितम’ ही मल्याळी कादंबरी २००८ ची. सौदीतल्या वाळवंटात शेळ्यामेंढ्यांच्या आवारात अडकलेल्या एका माणसाची. २०२४ मध्ये तिच्यावर सिनेमा आला तेव्हा आम्ही तिघं घरी बघायला बसलो होतो. मामा मध्यंतराच्या आधीच उठून गच्चीत गेले. उंट चुकीचा बांधलाय म्हणाले होते.

मामा : हे बघ. तू नाही काढलास तर दुसरा कुणी काढेल. तलाव मोठा काढेल आणि खोली आणखी लहान. तुझ्या नाहीनं त्या माणसाला काय मिळालं?

भाची : मग माझी अट घाला. खोली वायव्येला, बैठकीच्या रांगेत. खिडकी कळपाकडं. आणि दारापुढं सावलीचा लिवान, म्हणजे ओसरी, निदान दोन मीटर. जुन्या घरात होता तसा. दुपारी त्याला तिथं बसून हौदावर नजर ठेवता आली पाहिजे.

मामा : बैठकीला लागून कामगाराची खोली? पाहुणे काय म्हणतील?

भाची : जुन्या घरात शेळ्यांचा चौक स्वयंपाकघराला लागून होता. पाहुणे जेवत होतेच.

मामा : तेव्हा पाहुण्याच्या घरीही शेळी होती.

हे वाक्य मामा सहज बोलून गेले. मला ते त्या दिवसभरातलं सगळ्यात शहाणं वाटलं. ही मात्र ऐकलं न ऐकल्यासारखं करून कागदावर रेघा ओढायला लागली होती, आणि मामांनी ते पाहून फोन लावला.

मामांचं अरबी बाजारातलं, व्याकरण बाजूला ठेवून थेट मुद्द्यावर येणारं. आधी तब्येत, मग मुलं, मग जव कितीला, मग आराखडा. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. मामा हं हं करत होते. मग त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हिच्याकडं वळले.

मामा : तलाव नकोय म्हणतो.

भाची : काय?

मामा : त्याची आई जहऱ्याची आहे, खजुराच्या बागेतली. थंडीचे चार महिने तिला तिथंच राहायचंय. सहा शेळ्या हव्यात आणि धार ती स्वतः काढणार म्हणते. पोरं हसतात, पण म्हातारी ऐकत नाही.

हिच्या हातातली पेन्सिल थांबली. चूक निघाली म्हणून नव्हे. तिला बहुधा लगेच मोजमाप दिसायला लागलं होतं.

भाची : खाली बसता येतं का त्यांना? की धारेला ओटा लागेल? आणि झोपायची खोली शेळ्यांपासून किती पावलं चालतील, ते विचारा. पायरी नको ना कुठं?

मामांनी विचारलं. उत्तर आलं ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: ओटा हवा, पायरी नको, चौक भिंतीआड नको, खाटेवरून शेळ्या दिसायला हव्यात. ही भराभर लिहीत होती. एक चौकोन, त्याला लागून दुसरा, मधे दार.

भाची : आणि कामगाराच्या खोलीचं?

मामा पुन्हा फोनवर बोलले. या वेळी थोडक्यात.

मामा : ते मागनं बघू म्हणतो.

भाची : मग आराखडाही मागनंच देते, सांगा त्यांना.

मामांनी ते अरबीत सांगितलं का, आणि कसं सांगितलं, ते मला कळलं नाही. पण फोन ठेवून ते पाटावर नीट मांडी घालून बसले, चष्मा लावला आणि कागद स्वतःकडं ओढला. “हौद इथं नको,” म्हणाले, “सकाळच्या उन्हात येतोय. आणि तुझी ती खोली अजून चार हात आत घे, शमालला वाळू थेट दारात येईल.”